सगळ्यांनी घेतलीय ना

गणेश चवथीला आमच्या गोव्यातल्या मूळ घरी अजूनही सगळे जमतात. मुंबईचे येतात, वास्कोचे येतात, एक कुटुंब बेळगावहून येतं. यंदाही ओसरीवर ओल्या छत्र्यांची रांग लागली होती, चौकात माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या फळापानांच्या चौकटीला, टांगलेल्या तोरिंगांचा, चिबडांचा, आंबाड्यांचा हिरवा ओला वास होता आणि स्वयंपाकघरातून खतखत्यातल्या तिरफळांचा. पोरं फटाक्यांसाठी पाऊस थांबायची वाट बघत दारात दाटी करून उभी होती. माझ्या पुतण्याचं अकरा महिन्यांचं बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं. ज्याच्या हाती जाईल तो त्याचा मुका घेत होता. मधल्या खोलीत भाची आपल्या दोन महिन्यांच्या लेकीला घेऊन बसली होती. सहज बोलता बोलता वहिनीने पुतण्याला विचारलं, "गोवराचं इंजेक्शन झालं का रे याचं?" तो म्हणाला, "नाही काकी. थोडा मोठा होऊ दे, मग बघू. एवढ्या लहान जिवाला किती टोचायचं? आणि सगळ्यांनी घेतलीय ना? मग आमच्या एकट्याने काय बिघडणार आहे?" तेवढ्यात कुणीतरी आरतीला हाक मारली, टाळ आले, झांज आली, आणि तो विषय तिथेच राहिला.

माझ्या मनातून मात्र ते वाक्य जाईना. पुतण्या निष्काळजी नाही. बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघणारा बाप आहे तो, रात्री उठून दूध गरम करणारा. बाळाच्या खाण्याच्या डब्यावरची बारीक अक्षरं चष्मा काढून वाचतो. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, फक्त मायेने आलेला संकोच होता. शिवाय तो म्हणाला ते अर्धं खरंच होतं. इतक्या मुलांनी लस घेतली आहे, म्हणूनच त्याच्या बाळाला अजून गोवर भेटलेला नाही. त्या वाक्यात तो ज्यांच्या जिवावर निश्चिंत होता, त्या मुलांचे आईबाप कोण, हे त्याने कधी मनाशी आणलं नव्हतं, एवढंच.

आणि मधल्या खोलीत दोन महिन्यांची पोर होती.

सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. तोवर बाळाच्या अंगात आईकडून आलेलं थोडंफार संरक्षण असतं, तेही महिन्यागणिक ओसरत जातं. गोवराचा विषाणू हवेतून जातो. खोकणारं मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तो तिथल्या हवेत राहू शकतो. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते मूल दुसऱ्यांना आजार देत असतं, म्हणजे घरच्यांना नुसतं सर्दी-पडसं वाटत असतं तेव्हाच. रोग्याच्या आसपास असलेल्या, लस न घेतलेल्या दहा माणसांतल्या नऊ जणांना तो होतो. भाचीच्या लेकीसाठी अजून गोवराचं कुठलंच इंजेक्शन नव्हतं. तिला सांभाळणार होती ती तिच्याभोवती जमलेली माणसं, त्यांच्या दंडांत कधीकाळी गेलेल्या सुया.

माझ्या आईच्या पाठचा भाऊ घटसर्पाने गेला. पोर्तुगिजांच्या काळातली गोष्ट. आई तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. ती हे क्वचितच सांगायची, आणि सांगायची तेव्हा हात थांबवायची नाही. भाजी निवडत, तांदूळ पाखडत सांगायची. त्याची मान सुजली होती, घशात राखाडी पापुद्रा धरला होता आणि श्वास घेताना आवाज येत होता. तो आवाज कसा होता ते तिने कधी सांगितलं नाही. डॉक्टर लांब होता, पावसाळा होता, होडी मिळाली नाही. तिसऱ्या रात्री आवाज थांबला. त्या पिढीतल्या बायकांना मुलं किती असं विचारलं, की "आठ झाली, पाच आहेत" असं उत्तर यायचं आणि पुढच्या क्षणी बोलणं नारळांच्या भावावर जायचं. लहानपणी मला वाटायचं, ही माणसं दगडाची आहेत. पुढे स्वतःला मूल झाल्यावर कळलं, की त्यांच्या भोवती सगळ्याच घरांत तसं होतं, त्यामुळे वेगळं रडायला जागाच नव्हती.

मी नोकरीला लागले तेव्हा घटसर्प बऱ्यापैकी मागे पडला होता, पण गोवर होता. फोंडा तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी आयुष्य काढलं. हजेरीपट कोरा करकरीत असायचा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एका मुलाच्या नावापुढे गैरहजेरी लागली की चार दिवसांनी त्याच बाकावरच्या दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. परत आलेली मुलं बारीक झालेली असायची. डोळे लाल, कातडी कोंडा सुटल्यासारखी, आणि एरवी पुढे बसून हात वर करणारं पोर भिंतीला टेकून बसलेलं. गोवर गेल्यावरही त्यांना काही ना काही व्हायचं, कान फुटायचा, खोकला लांबायचा, जुलाब लागायचे. तेव्हा आम्ही म्हणायचो, अशक्तपणा आहे. आता वाचलं की गोवर शरीराने आधी मिळवलेली प्रतिकाराची शिदोरीच बरीचशी पुसून टाकतो, म्हणजे ज्या आजारांशी ते मूल एकदा झुंजून जिंकलेलं असतं, त्यांच्याशी पुन्हा पहिल्यापासून झुंजावं लागतं. हे वाचताना मला ती भिंतीला टेकलेली पोरं दिसली.

पोलिओ झालेला एक मुलगा माझ्याच वर्गात होता. त्याच्या पायातल्या लोखंडी कॅलिपरचा शहाबादी फरशीवर होणारा आवाज वर्गाबाहेरून ऐकू यायचा आणि सगळी मुलं न सांगता वाट करून द्यायची. हुशार मुलगा, अक्षर सुरेख. फक्त कवायतीच्या तासाला तो वर्गात बसून माझ्यासाठी खडूचे तुकडे रंगांप्रमाणे लावत राहायचा. पोलिओच्या विषाणूची बाधा झालेल्या दर दोनशेंत साधारण एका मुलाला कायमचा लुळेपणा येतो, बाकीच्यांना कळतही नाही. गावात एक कॅलिपर वाजत असेल, तर विषाणू शेकडो घरांतून न बोलता फिरून गेलेला असायचा. मग १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. आम्ही शिक्षकही त्या कामाला असायचो. देवळाच्या सभामंडपात टेबल, निळा डबा, डब्यात बर्फाच्या पट्ट्या, डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, जत्रेतसुद्धा बूथ. लोक मुलांना नवे कपडे घालून आणायचे. कुणावरही सक्ती नव्हती, तरी रांगा लागायच्या, कारण कॅलिपरचा आवाज प्रत्येकाने ऐकलेला होता. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातल्या जवळपास निम्मे. २०११ च्या जानेवारीत हावड्याला शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. त्या दिवशी मी वर्गात मुलांना ही बातमी सांगितली तेव्हा एकाने विचारलं, "बाई, पोलिओ म्हणजे काय?" मला फार आनंद झाला. आणि थोडी भीतीही वाटली, ती का वाटली ते तेव्हा नीट उमगलं नाही.

ती भीती पुढे आकड्यांत दिसली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली गोव्यातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ८८ टक्क्यांचं ठरलेलं सगळं लसीकरण पूर्ण होतं. पुढच्या सर्वेक्षणात ते ८२ टक्क्यांवर आलं. दरम्यान देशाचा आकडा ६२ वरून ७६ वर चढला. आपलं राज्य लहान, सर्वेक्षणातली घरं थोडी, तेव्हा दोन-चार टक्के इकडेतिकडे धरायला हरकत नाही. पण ज्या राज्यात दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर आहे, जिथल्या आया शिकलेल्या आहेत, तिथे आकडा चढायला हवा होता. कोरोनाला बोल लावावा, तर गोव्यातली ती पाहणी कोरोना येण्याच्या आधीच, २०१९ मध्ये झाली होती. गोवर थोपवायला शंभरांतल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवर पसरला, मुलं दगावली, तेव्हा बातम्या बघताना मी मनातल्या मनात तीच वजाबाकी करत होते. केरळातही, जिथे आरोग्याची व्यवस्था आपल्याकडे उदाहरण म्हणून सांगितली जाते, २०१६ साली मलप्पुरममध्ये घटसर्पाने मुलं गेली. माझ्या आईच्या भावाला ज्याने नेलं, तोच हा आजार.

२०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेलाची मोठी मोहीम देशात ज्या पाच ठिकाणी पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत गोवा होता. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना, आधी लस घेतलेली असो वा नसो, आणखी एक डोस. शाळाशाळांतून टोचणी होती. त्याच्या आठवडाभर आधी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर निरोप फिरायला लागले. ही लस घेतली तर पुढे मुलं होणार नाहीत, ही परदेशातून आलेली चाल आहे, अमुक गावात मुलगी बेशुद्ध पडली. कुणीतरी लशीने स्वमग्नता (ऑटिझम) येते असा मुद्दा काढला. तो १९९८ साली इंग्लंडमध्ये बारा मुलांवर लिहिलेल्या एका लेखातून निघालेला, आणि तो लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतलेला. मागे घेतल्याचं मात्र कुणी पुढे पाठवत नाही. आम्ही पालकसभा घेतली. माझी समजूत होती, की माहिती दिली की शंका जातात. सभेत तसं झालं नाही. लोक डॉक्टरांचं ऐकून घेत होते आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी एक आई उठून म्हणाली, "तुमच्या नातीला देणार का हीच लस?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिच्या शाळेत सोमवारी आहे. देणार." खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि लोक चहाकडे वळले.

टोचणीच्या दिवशी चौथीच्या वर्गात बाकं भिंतीला लावली होती. स्पिरिटचा वास, खिडकीतून येणारा आंब्याच्या मोहोराचा वास, आणि बाहेर रांगेत एकमेकांना घाबरवणारी पोरं. पहिली सुई टोचायच्या आत तिसऱ्या नंबरचं पोर रडायला लागलं. लस उजव्या दंडाला, मग डाव्या अंगठ्याच्या नखावर खूण, मग अर्धा तास शेजारच्या वर्गात बसायचं. माझं काम हात धरायचं. एक मुलगा, बाही वर करायच्या आधी, मला म्हणाला, "बाई, रुबेला पोटातल्या बाळाला वाईट असतो असं तुम्ही सांगितलं. मग मला कशाला?" मी म्हटलं, "तुला झाला तर दोन-तीन दिवस पुरळ येईल, ताप येईल, आणि तू खेळायला जाशील. पण तुझ्या घरात, बसमध्ये, दुकानात एखादी बाई गरोदर असेल, पहिल्या तीन महिन्यांची, आणि तिला तो तुझ्याकडून गेला, तर तिचं बाळ बहिरं जन्मू शकतं. डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयाला भोक, असंही होऊ शकतं." तो विचार करत उभा राहिला. मागची पोरं ढकलत होती. मग त्याने विचारलं, "दुखतं का?" मी म्हटलं, "थोडं दुखतं." त्याने बाही वर केली.

मी त्या मुलाचा विचार अनेकदा केला आहे. त्याला स्वतःसाठी त्या सुईतल्या अर्ध्या औषधाची फारशी गरज नव्हती. ज्या बाळासाठी त्याने दंड पुढे केला ते जन्मलेलं नव्हतं, ते कुठल्या घरात जन्मणार हे कुणाला माहीत नव्हतं, आणि ते धडधाकट जन्मलं तर त्याच्या आईला या मुलाचे आभार मानायचं कधी सुचणारही नव्हतं. आपण लसीकरण ऐच्छिक आहे म्हणतो तेव्हा मला नेहमी प्रश्न पडतो, इच्छा नेमकी कोणाची? ज्याच्या दंडात सुई जाते त्याला आपण विचारत नाही. ज्याला आजार होईल त्यालाही विचारत नाही. इच्छा आईबापांची, आणि तिचं फळ भोगणारी मुलं, त्यांतली कितीतरी दुसऱ्यांची. हे मनात आलं की सक्तीच बरी असंही वाटून जातं. मग दुसऱ्या दिवशी वाटत नाही.

आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरशी माझी ओळख शाळेपासूनची. निवृत्तीनंतर मी कधीकधी टोचणीच्या दिवशी तिथे जाऊन बसते. मुलांची वजनं लिहून घ्यायला तिला हात हवा असतो. तिच्याकडे एक वही आहे, तिचे कोपरे मऊ पडून वर वळले आहेत. कुणाचं काय कधी द्यायचं राहिलं ते त्यात पेन्सिलीने लिहिलेलं असतं, झालं की पेनाने. लशीच्या बाटलीवर एका वर्तुळात छोटा चौकोन असतो. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो, वर्तुळाच्या रंगाचा झाला की बाटली बाद. ती प्रत्येक बाटली खिडकीशी नेऊन बघते. गोवराच्या लशीच्या बाटलीतल्या भुकटीत द्रव मिसळला की ती चार तासांत वापरावी लागते, उरली तर टाकून द्यायची. एकदा पावसात एकच मूल आलं होतं. मी म्हटलं, "सिस्टर, एकासाठी फोडायची?" ती म्हणाली, "फोडायची. आज परत पाठवलं तर ती आई पुन्हा येईल याची हमी कोण देणार, बाई?"

कुर्टीकडे नव्या इमारतींची कामं चालतात तिथल्या पत्र्याच्या झोपड्यांत ती स्वतः जाते. गदगची, विजापूरची, बिहारची माणसं. तिथल्या आया लसीकरणाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधारकार्डाबरोबर, उशाखाली ठेवतात. काम संपलं की ही माणसं दुसरीकडे जातात आणि डोस अर्धा राहतो. म्हणून ती जायच्या आधी त्यांना पुढच्या तारखा मोठ्या आकड्यांत लिहून देते. तिला मी विचारलं, "राहतात कोण मग?" तिने वही मिटून सांगितलं, "फ्लॅटवाले. वॉचमनच खालून परत पाठवतो. आमचा प्रायव्हेट डॉक्टर आहे म्हणतात. असेल हो, पण तिथे किती झाले, दुसरा झाला की नाही, ते माझ्या वहीत येत नाही." मग बोलता बोलता तिने बाकीची कारणं सांगितली. नवराबायको दोघं कुंडईला किंवा वेर्ण्याला कारखान्यात, टोचणी आठवड्याच्या मधल्या वारी. बाळंतपण माहेरी झालं, कार्ड माहेरी राहिलं. ठरल्या दिवशी मुलाला सर्दी होती म्हणून नेलं नाही, मग पुन्हा नेलंच नाही. आणि सोळा महिन्यांनंतरचा गोवराचा दुसरा डोस तर हमखास चुकतो, कारण तोवर मूल चालायला लागलेलं असतं, सगळं ठीक असतं, तान्ह्या बाळाची धास्ती संपलेली असते. ऐकताना मला कळलं, की मी मनात ज्यांच्याशी भांडत होते ते लशीला विरोध करणारे लोक वहीत फार थोडे आहेत. बाकीची पेन्सिलीची नावं विसरलेल्यांची, दमलेल्यांची, सुट्टी न मिळालेल्यांची आहेत.

लशीने काय होतं हे गोंयकाराला दाखवायला लांब जायला नको. आपल्याकडे कुत्र्यांना रेबीजची लस टोचणारी माणसं जाळ्या घेऊन वाडोवाडी फिरतात हे सगळ्यांनी बघितलं आहे. लस झालेल्या कुत्र्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका. ती माणसं माझ्या शाळेतही आली होती, चावलेली जागा पंधरा मिनिटं साबणाने धुवायची असं मुलांकडून म्हणवून घेऊन गेली. दर वर्षी शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांपर्यंत लस पोहोचली की रेबीजची साखळी तुटते, सगळ्याच्या सगळ्या कुत्र्यांना पकडावं लागत नाही. २०१७ नंतर पुढची काही वर्षं गोव्यात रेबीजने एकही माणूस गेल्याची नोंद झाली नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. रेबीज झाला की मरण ठरलेलं. त्यापासून माणसांची मुलं वाचली, ती भटक्या कुत्र्यांना टोचून.

पण लस म्हटली की डोळे मिटून भक्ती करावी असं मला वाटत नाही, आणि तसं सांगितलेलं लोकांना रुचतही नाही. सत्तरी तालुक्यात २०१५ नंतर माकडताप आला तेव्हा माझे तिकडचे नातेवाईक काजूच्या बागायतीत जायला घाबरत होते. माकडं मरून पडायची, त्यांच्या अंगावरचे गोचीड माणसांना चावायचे, आणि ऐन काजूच्या हंगामात माणसं तापाने फणफणायची. त्या तापावरही एक लस होती. दुखरी, पुन्हा पुन्हा घ्यावी लागणारी, आणि तिचं संरक्षण अपुरं. पुढे ती वापरातून गेलीच. ज्यांनी एक डोस घेऊन दंड चोळत पुढचा टाळला, त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उलट त्यांना कुणी स्पष्ट सांगितलं असतं, की ही लस एवढंच करते, याहून जास्त करत नाही, तर पुढच्या वेळी गोवराच्या लशीबद्दल तेच तोंड काही सांगायला गेल्यावर लोकांनी ऐकलं असतं. पेंटाव्हॅलंटनंतर, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीनंतर, ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिरतं. हे आधी सांगितलेल्या आया पुढच्या डोसला येतात. न सांगितलेल्या घाबरून थांबतात. सिस्टर हे न चुकता सांगते, आणि रात्री फोन केला तर उचलते.

चवथीनंतर मी पुतण्याला फोन केला. मी त्याला म्हटलं, "तू म्हणालास ते बरोबर आहे. आज तुझ्या बाळाला इतरांच्या लशीच सांभाळताहेत. पण त्या इतरांतले किती तुझ्यासारखंच म्हणताहेत, हे तुला माहीत आहे का?" तो गप्प राहिला. मग मी त्याला भाचीच्या लेकीबद्दल सांगितलं, नऊ महिन्यांच्या आत काय असतं आणि काय नसतं ते. त्याने बरेच प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. एकाच वेळी इतकी इंजेक्शनं बाळाला झेपतात का, खाजगी दवाखान्यातली आणि सरकारी यांत फरक काय, पुढे ढकललं तर नेमकं काय होतं. यातल्या काहींची उत्तरं मला देता आली, काहींसाठी मी त्याला डॉक्टरांकडे जायला सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "आत्या, हे सगळं त्या दवाखान्यात विचारायचं होतं मला, पण बाहेर तीस माणसं बसलेली असतात. डॉक्टर वर बघायच्या आत आपण बाहेर." त्याने वेळ ठरवून घेतली आहे. जाईल असं वाटतं.

माझ्याबरोबरच निवृत्त झालेली एक मैत्रीण म्हणते, एवढं समजावत कशाला बसायचं, लसीकरणाचं कार्ड नाही तर शाळेत प्रवेश नाही, असा नियम करा. तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही, कारण ती भिंतीला टेकलेली पोरं तिनेही बघितली आहेत. पण प्रवेशाच्या टेबलामागे मी वर्षानुवर्षं बसले आहे. असा नियम झाला, की फ्लॅटवाला बाप दुपारपर्यंत कुठूनतरी दाखला आणून देईल आणि कार्ड हरवलेली गदगची आई मुलाचा हात धरून परत जाईल. सुई राहिली तर राहिलीच, वर शाळाही गेली. इच्छेवरच सोडायचं असेल, आणि मला तेच बरं वाटतं, तर इच्छा असलेल्यांच्या वाटेतले दगड तरी कुणीतरी उचलायला हवेत. ज्यांना प्रश्न आहेत त्यांच्यासमोर बसायला अर्धा तास कुणीतरी काढायला हवा.

म्हणून येत्या ग्रामसभेसाठी मी पंचायतीला अर्ज दिला आहे. विषयपत्रिकेवर रस्ता, कचरा आणि पाण्याची टाकी आधीच आहेत. त्यांच्याखाली आमच्या मागण्या येतील. उपकेंद्रातलं लसीकरण महिन्यातून एकदा रविवारी ठेवावं, गावातल्या खाजगी डॉक्टरांनी दिलेल्या लशींची नोंद दर महिन्याला सिस्टरच्या वहीत यावी, आणि दुसऱ्या डोसची आठवण करायला फोन करण्याचं काम आम्ही निवृत्त शिक्षिका वाटून घेऊ. वेळ सिस्टरने सुचवली आहे, सकाळी नऊ ते एक. गोवराची बाटली नऊला फोडली तर एकपर्यंतच चालते, म्हणून पहिल्या तासात जास्तीत जास्त नऊ महिन्यांवरची मुलं आणायची, असं तिने यादीवर लिहून दिलं आहे.